१९७८ च्या चाळीत कोणाचा भांग कसा होता

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कॉलेजची एकांकिका बसवताय, लालबागच्या चाळीतल्या एका घराची. पहिला प्रवेश १९७८ चा, दुसरा गिरणी संपातला, १९८३ चा, आणि शेवटचा २००४ चा. घरात चार पुरुष: सत्तरी ओलांडलेले आजोबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे वडील, बदली कामगार, म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच काम मिळणारा, थोरला आणि दहावीत असलेला धाकटा. प्रयोगाला दहा आठवडे आहेत आणि सगळ्या पोरांच्या डोक्याला आज फेड आहे, म्हणजे खाली भादरलेले आणि वर हळूहळू दाट होत गेलेले केस. तुम्हाला हवी आहे दशकवार यादी: सत्तरच्या दशकात पुरुषांचे केस कसे, ऐंशीत मिशी कशी, दोन हजारनंतर दाढी कशी.

यादी देता येईल, पण ती जशीच्या तशी वापरलीत तर रंगमंचावर चाळ दिसणार नाही, फॅन्सी ड्रेस दिसेल. तुम्हाला शोधायचं आहे ते वेगळंच: १९७८ साली त्या खोलीत बसलेल्या प्रत्येक माणसाने आपला भांग कोणत्या साली ठरवला होता? त्याचं उत्तर चौघांसाठी चार वेगळी सालं आहेत.

मी हे कशाच्या जोरावर सांगतो तेही सांगतो. परळला माझ्या वडिलांचं केशकर्तनालय होतं. १९७८ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि दुसऱ्या खुर्चीवर कात्री चालवत होतो. पुढे नाटकांच्या रंगभूषेकडे वळलो आणि पस्तीसएक वर्षं टोप, मिशा, दाढ्या हेच काम केलं. तुम्ही करायला निघालात तीच चूक मी सुरुवातीला केली होती. चाळीसच्या दशकातल्या एका वाड्याचं नाटक होतं. दिग्दर्शकाने सांगितलं, 'चाळीसचं दशक दिसलं पाहिजे.' मी बाराच्या बारा नटांना तेल चोपडून चप्प भांग पाडला आणि ओठांवर बारीक कोरीव मिशी काढली. प्रयोगानंतर एक वयस्कर गृहस्थ विंगेत आले. म्हणाले, "आमच्या वाड्यात माझे आजोबा होते, वडील होते, काका होते. तिघांचे केस एकच न्हावी कापायचा, तरी तिघांची डोकी वेगळी होती. तुमच्या वाड्यात सगळे एकाच दिवशी जन्मलेले दिसतात." ते वाक्य त्यानंतर प्रत्येक नाटकाच्या वेळी माझ्या कानात असायचं.

माणूस विशी-पंचविशीत जो भांग पाडतो, बहुतेक वेळा तोच घेऊन म्हातारा होतो. दुकानात हे रोज दिसायचं. चाळिशी ओलांडलेलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की एकच शब्द बोलायचं, 'नेहमीसारखं'. ते नेहमीचं कधी ठरलं होतं हे त्यालाही आठवत नसायचं. एकाच बाजूला वर्षानुवर्षं वळवलेले केस तिकडेच पडायला लागतात, हातालाही तेवढंच वळण असतं, आणि आरशातला चेहरा तसाच ओळखीचा झालेला असतो. नोकरी लागली, लग्न झालं की नवीन कट करून बघायची हौस संपते. नवीन फॅशन त्या त्या वेळच्या विशीतल्यांची असते. म्हणून माझा हिशेब साधा आहे: पात्राचं जन्मसाल घ्या, त्यात वीस-बावीस मिळवा, आणि त्या सालाचे केस त्याच्या डोक्यावर ठेवा. मग त्यात वय, पैसा, काम आणि टक्कल यांची वजाबाकी करा.

माझ्या वडिलांचं एक गिऱ्हाईक होतं, गिरणीतच जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. देव आनंदच्या उमेदीच्या काळात त्यांनी पुढच्या केसांचा कोंबडा काढायला सुरुवात केली होती. मी त्यांना बघितलं तेव्हा पुढे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे केस राहिले होते. तरी दर महिन्याला कटिंग संपली की वडील कंगवा पाण्यात बुडवायचे, ते केस मागून पुढे ओढायचे, डाव्या हाताची दोन बोटं खाली घालून त्यांना उभं करायचे आणि वरून कंगव्याची पाठ हलकेच दाबायचे. कोंबडा उभा राहायचा. ते गृहस्थ मान डावीकडे, उजवीकडे वळवून बघायचे आणि मगच उठायचे. तुमच्या नाटकातल्या वडिलांचं डोकं मला असं दिसतं.

आता एकेक पात्र घेतो. आजोबा बहात्तर वर्षांचे धरले तर जन्म १९०६ च्या आसपासचा, म्हणजे त्यांची विशी १९२६ ची, आणि तीही बहुधा गावाकडची. इथे काही गोष्टी तुमच्या संहितेवर अवलंबून आहेत. घराणं साताऱ्याकडचं की रत्नागिरीकडचं, कोणत्या समाजाचं, आजोबा वारकरी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. साताऱ्याकडचे शेतकरी घरातले धरून सांगतो. गावात न्हावी बलुत्यावर. तो धोकटी घेऊन ओट्यावर यायचा आणि डोकं वस्तऱ्याने भादरायचा, मागे शेंडी राहायची. शहरात आल्यावर शेंडी हळूहळू गेली, पण डोकं बारीक ठेवायची सवय गेली नाही. म्हणजे आजोबांच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढेही केस नकोत. वर गांधी टोपी. आणि मिशी हवीच, भरघोस, पांढरी.

मिशी का, तर त्या पिढीत ती वयात आलेल्या पुरुषाची खूणच होती. ती उतरवली जायची ती वडील गेल्यावर दहाव्याला. इंग्रजांच्या सैन्यातही वरचा ओठ भादरायला बंदी होती, तो नियम १९१६ साली उठला. घरच्या घरी दाढी करायचं जिलेटचं सेफ्टी रेझर अमेरिकेत १९०४ साली पेटंट झालं होतं आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हातात पडलं. गुळगुळीत चेहऱ्याची चाल तिथून पसरली, आपल्या शहरांतल्या शिकलेल्या तरुणांपर्यंत आली, खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत यायला आणखी एक पिढी गेली. मिशीचं टोक वर की खाली, ही बाबही विचार करून ठरवा. गावात तो हौसेचा प्रश्न नव्हता. दलित माणसाने मिशीला पीळ देऊन आकडे वर वळवले म्हणून त्याला मार बसल्याच्या घटना या देशात अगदी अलीकडेपर्यंत घडल्या आहेत. तुमच्या चाळीतलं कुटुंब कोणाचं आहे त्यावर आजोबांच्या मिशीचं टोक ठरेल, आणि मुंबईत आल्यावर कोणी ते मुद्दाम वर वळवलं असेल तर तो तुमच्या नाटकाचाच एक धागा होऊ शकतो.

आजोबांच्या बाबतीत दोन गोष्टी जवळून बघण्यासारख्या. आयुष्यभर टोपी घातलेल्या माणसाचं कपाळ दोन रंगांचं असतं. टोपीच्या कडेखालचं रापलेलं, वरचं फिकं, आणि मध्ये एक पुसटशी रेघ. नाटकात आजोबा टोपी काढून खुंटीला लावणार असतील तर ही रेघ काढा. दुसरं, विडी ओढणाऱ्याची पांढरी मिशी पांढरी नसते. नाकपुड्यांच्या खाली, मधोमध, ती पिवळट तपकिरी होते आणि दोन्ही टोकांकडे पांढरी होत जाते. माझ्याकडे येणारे कितीतरी म्हातारे याच डागासाठी 'मधली जरा कापून टाक' म्हणायचे.

वडील सेहेचाळीस वर्षांचे, जन्म १९३२, विशी १९५२ ची. तो काळ तेलाचा. खोबरेल तेल, ऐपत असेल तर ब्रिलक्रीम. भांग डावीकडे, सरळ, पट्टीने आखल्यासारखा. पुढे थोडा फुगवटा. देव आनंदचा कोंबडा, दिलीपकुमारची कपाळावरची बट, राज कपूरची बारीक मिशी, यांतलं एक काहीतरी त्या पिढीच्या प्रत्येक शहरी तरुणाने केलेलं आहे. तुमच्या वडिलांना बारीक मिशी द्यायची असेल तर ती ओठाला चिकटून, वर सगळं साफ केलेलं, अशी द्या. आम्ही तिला तलवारकट म्हणायचो. कान पूर्ण उघडे, कल्ले कानाच्या मध्यावर संपलेले, आणि मानेवर वस्तऱ्याने काढलेली स्वच्छ रेघ. ही मानेवरची रेघ विसरू नका. त्या काळी हाताचं मशीन आणि कंगव्यावर कात्री एवढ्यावर काम चालायचं, आणि शेवटी साबण लावून मान वस्तऱ्याने साफ करायची. आजच्यासारखं खालून वर हळूहळू दाट होत गेलेलं फेड त्या हत्यारांनी कोणी करत नव्हतं. प्रेक्षक नटाकडे पाठीमागून बघतो तेव्हा काळ पहिल्यांदा मोडतो तो मानेवर.

थोरला हा तुमच्या पहिल्या प्रवेशाचा खरा आरसा आहे. चोवीस वर्षांचा, जन्म १९५४. त्याच्या कॉलेजच्या वयात राजेश खन्ना होता, कामाला लागला तेव्हा बच्चन. १९७८ या एकाच वर्षात 'डॉन', 'त्रिशूल' आणि 'मुकद्दर का सिकंदर' लागले होते. आमच्या दुकानात मासिकातली पानं कापून आरशाभोवती चिकटवलेली असायची आणि पोरं बोट ठेवून सांगायची, 'असे'.

पण 'असे' म्हणजे काय, हे कात्री धरणाऱ्यालाच कळायचं. बच्चनचे केस कानावरून जातात. कानाचा वरचा अर्धा भाग झाकलेला, मागचे केस कॉलरला टेकलेले, कल्ले कानाच्या पाळीपर्यंत किंवा त्याच्याही खाली, खाली रुंद होत गेलेले. वरचे केस लांब, त्यांना तेल जवळजवळ नाहीच, म्हणून ते हलतात. हा फरक मोठा होता. वडिलांचे केस वाऱ्यात हलत नाहीत, मुलाचे हलतात. रंगमंचावर दोघे शेजारी उभे राहिले की दोन पिढ्या प्रेक्षकाला संवादाआधी कळतात. मात्र हा कट दाट आणि सरळ केसांना शोभतो. कुरळ्या केसांच्या पोरांनी तोच मागितला की डोक्याला टोपलीसारखा गोल आकार यायचा, आणि तसे फिरणारे पुष्कळ होते. तुमच्या नटाचे केस कुरळे असतील तर ते इस्त्रीने सरळ करू नका. तो गोल आकारच खरा आहे.

लांब केसांचं वारं बाहेरून आलं हे खरंच. बीटल्स १९६८ साली ऋषिकेशला येऊन गेले, गोव्याच्या किनाऱ्यावर हिप्पी राहायला लागले, आणि केस वाढवणं म्हणजे बंड हा अर्थ इथेही पोचला. पण परळच्या पोराने केस वाढवले ते हिप्पी बघून नव्हे, पडद्यावर बघून. घरात भांडण मात्र व्हायचं. आमच्या समोरच्या चाळीतले एक आजोबा नातवाला घेऊन दुकानात आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "कान झाकलेलेच राहणार असतील तर पैसे कशाचे देऊ?" वडिलांनी त्यांना काही उत्तर दिलं नाही. नंतर मला म्हणाले, कान झाकून आकार ठेवायचा तर जास्त वेळ लागतो, पण हे गिऱ्हाईक आता महिन्याने नाही, दोन महिन्यांनी येणार. लांब केसांनी आमचा धंदा खरोखर कमी केला होता.

थोरला गिरणीतून घरी येताना दाखवणार असाल तर एक सांगतो. पाळी सुटली की कामगारांच्या भुवयांवर, कल्ल्यांवर, कानांच्या मागे कापसाचे बारीक पांढरे तंतू अडकलेले असायचे. तेल लावलेल्या डोक्याला ते जास्त चिकटायचे, म्हणून वडिलांच्या डोक्यावर मुलाच्या दुप्पट दिसायला हवेत. खरा कापूस घ्या, बोटांनी अगदी विरळ ओढा आणि भुवईला टेकवा. पावडर उडवू नका, ती पिठासारखी दिसते.

धाकटा सोळाचा. शाळेत केस वाढवायला बंदी, घरात वडिलांची नजर. त्याला मिशी लावू नका, ओठांवर नुसतं मिसरूड. ते तपकिरी पेन्सिलने रेघ ओढून होत नाही. कोरड्या ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांवर जरा गडद आणि मध्ये फिकं ठेवा. त्या वयाची पोरं घराच्या दारापर्यंत आईने चोपडलेल्या भांगात यायची, जिन्याच्या वळणावर खिशातून कंगवा काढायची, नळाच्या पाण्याने केस ओले करून कानावर ओढायची आणि मग रस्त्यावर उतरायची. परत येताना तोच कार्यक्रम उलटा. मी स्वतः हे दोन वर्षं केलं आहे, आणि माझ्या घरात तर दुकानच होतं.

दाढीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. १९७८ साली आमच्या भागात पूर्ण दाढी ठेवणारा माणूस लगेच नजरेत भरायचा, कारण ती काहीतरी सांगत असायची. तो धार्मिक मुसलमान असेल, साधू असेल, नवस बोललेला असेल, श्रावण पाळत असेल, आजारी असेल, सुतकात असेल, किंवा मग कवी नाहीतर चळवळीतला कार्यकर्ता असेल, खांद्याला शबनम पिशवी लावलेला. शोभेची म्हणून दाढी ठेवणारा साधा गिरणी कामगार मला आठवत नाही. रोज दाढी करणारेही थोडेच. हापिसात जाणारे रोज, गिरणीतले आठवड्यातून दोन-तीनदा, आणि रविवारी दुकानात. म्हणून तुमच्या वडिलांच्या गालावर शुक्रवारच्या प्रसंगात खुंट हवेत आणि रविवारच्या प्रसंगात तुरटी फिरवलेला साफ गाल. संहितेत वार लिहिलेला नसेल तर आधी वार ठरवा.

सुतकाचा मुद्दा आणखी थोडा सांगतो, कारण १९८३ च्या प्रवेशात आजोबा वारलेले आहेत असं तुम्ही लिहिलंय. वडिलांनी दहाव्याला क्षौर केलं असणार. डोकं आणि मिशी दोन्ही गेलं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. आजोबा जाऊन तीन महिने झाले असतील तर वडिलांच्या डोक्यावर जेमतेम पावणेचार सेंटीमीटर केस आहेत, कोंबडा निघणार नाही, भांग नीट बसणार नाही, आणि तीस वर्षांनी त्यांचा ओठ उघडा पडलेला आहे किंवा मिशी नुकती परत धरलेली आहे. एक शब्द न बोलता घरातलं दुःख दिसेल. आजोबा कधी गेले हे संहितेत नक्की करून घ्या.

संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. पहिले दोन-तीन महिने आमच्या दुकानात गर्दी वाढली, कारण लोकांकडे वेळ होता. मग उधारी सुरू झाली, मग उधारी मागायची लाज वाटायला लागलेले लोक यायचे बंद झाले. खर्चातून सगळ्यात आधी दुकानातली दाढी गेली. घरी एकच ब्लेड पंधरा पंधरा दिवस वापरायचं, आणि धार गेली की पाण्याचा काचेचा ग्लास घ्यायचा, ब्लेड आतल्या बाजूला चपटं धरायचं आणि बोटाने दाबून पुढेमागे घासायचं. दोन दाढ्या आणखी निघायच्या, गाल सोलवटायचा. तुम्ही १९८३ च्या प्रवेशाची सुरुवात शोधताय असं दिसतं. वडील खिडकीशी बसून ग्लासात ब्लेड घासताहेत, तो बारीक आवाज येतोय, एवढ्यावर पडदा उघडता येईल.

थोरल्याच्या केसांत इथे जो फरक आहे त्याकडे नीट लक्ष द्या. १९७८ मध्ये त्याचे केस लांब होते आणि १९८३ मध्येही लांबच आहेत. पण आधीचे लांब 'ठेवलेले' होते, आता ते लांब 'राहिलेले' आहेत. ठेवलेल्या केसांना कडा असते: मागे कॉलरपाशी एक सरळ रेषा, कल्ल्याचा तिरका कट, कानावरून जाणारी कमान. राहिलेल्या केसांना कडा नसते. मानेवर लव खाली उतरलेली, कल्ल्याखाली गालावर विखुरलेले केस, कानामागे टोकं बाहेर आलेली. लांबी तीच ठेवून फक्त कडा मोडलीत की पैशाची चणचण दिसते. एका नटाला दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात एवढंच करायचं आहे: चिकटवलेल्या कल्ल्यांची कडा मोडायची, मानेवरचे केस बोटांनी विस्कटायचे, आणि खडबडीत स्पंजावर काळपट तपकिरी रंग घेऊन गालावर टिपायचा, घासायचा नाही. सराव केलात तर मिनिटाच्या आत होतं.

धाकटा १९८३ मध्ये एकवीसचा, म्हणजे आता फॅशन त्याची आहे. मिथुनचा 'डिस्को डान्सर' नुकता येऊन गेलेला, त्या जूनमध्ये कपिलच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि त्या संघातल्या बऱ्याच जणांना मिशी होती. मागे लांब, वर फुगीर, आणि ओठभर मिशी. संपातही विशीतलं पोर कुठून तरी कंगव्यापुरते पैसे काढतंच, त्यामुळे घरातलं एकमेव नीट कापलेलं डोकं त्याचं असू द्या. थोरल्याला ते खुपेल, आणि खुपायला हवं.

२००४ वर फार वेळ घालवू नका, तिथले केस तुम्हाला तुमच्या घरच्या अल्बममध्ये सापडतील. धाकटा आता बेचाळीसचा आहे आणि त्याने १९८३ ची मिशी तशीच आणलेली आहे, फक्त केस मागून कमी झालेत आणि मिशी काळी कुळकुळीत रंगवलेली आहे, डोक्याच्या रंगापेक्षा एक छटा जास्त काळी. त्याचा मुलगा असेल तर त्याचे दोनच पर्याय: 'तेरे नाम'नंतर पोरांनी धरलेला मधला भांग आणि गालांवर येणारे लांब केस, नाहीतर जेल लावून उभे केलेले स्पाइक आणि ओठाखाली छोटीशी दाढी. सलूनचा प्रसंग असेल तर हत्यारं बदला. १९७८ मध्ये वस्तरा आणि चामड्याचा पट्टा, २००४ मध्ये दर गिऱ्हाइकाला नवीन अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा. एड्सची भीती पसरल्यानंतर आमच्या धंद्यात हा बदल झाला.

इथपर्यंतचं थोडक्यात परत सांगतो, कारण पुढे कामाची भाषा येणार आहे. १९७८ मध्ये आजोबांचं डोकं १९२० च्या दशकातलं, टोपीखाली बारीक, मिशी भरघोस. वडिलांचं १९५० च्या दशकातलं, तेल, डावा भांग, कोंबडा, उघडे कान. थोरल्याचं त्याच सालातलं, झाकलेले कान आणि लांब कल्ले. धाकट्याचं घरात एक, जिन्यात दुसरं. १९८३ मध्ये धाकटा सोडून सगळ्यांच्या कडा मोडलेल्या.

आता दहा आठवड्यांचा हिशेब. आजच सगळ्या पोरांना सांगा की प्रयोगापर्यंत कोणीही सलूनमध्ये जायचं नाही, भुवया कोरायच्या नाहीत, दाढीची रेषा ट्रिमरने आखायची नाही. दहा आठवड्यांत जवळजवळ तीन सेंटीमीटर वाढ मिळेल. वडिलांच्या भूमिकेला एवढं पुरतं: बाजू तीन सेंटीमीटर झाल्या की तेल लावून त्या चप्प बसतात आणि वरचे केस लांबच असतात. प्रयोगाच्या दोन दिवस आधी फक्त मानेची रेघ वस्तऱ्याने काढून घ्या. थोरल्याचे कान मात्र दहा आठवड्यांत झाकले जाणार नाहीत. त्याच्यासाठी वरचे लांब केस बाजूला, कानावरून वळवा आणि उरलेली कमी कल्ल्यांनी भरून काढा. जमत नसेल तर थोरल्याच्या भूमिकेसाठी मुळातच केस वाढवलेला मुलगा निवडा. पूर्ण टोप शेवटचा उपाय. स्वस्त टोपाला कपाळाशी कडा दिसते आणि तो डोळ्यांच्या वर बसला की नटाची मान आखडते.

कल्ले आणि मिशीसाठी क्रेपचे, म्हणजे रंगभूषेत चिकटवायचे, केस मिळतात, वेणी घातलेले. ती वेणी सोडून ओली करा, ताणून वाळवा, नाहीतर केस कुरळेच राहतील. एकाच रंगाचे लावू नका. काळ्यात थोडे गडद तपकिरी मिसळा, शुद्ध काळा रंग दिव्याखाली पट्टीसारखा दिसतो. लावायच्या आधी चामडी भादरलेली, धुतलेली, पूर्ण कोरडी हवी. स्पिरिट गमचा, म्हणजे केस चिकटवायच्या गोंदाचा, पातळ हात द्या, थोडा चिकट होऊ द्या, मग केस खालून वर, थराथराने लावा. सर्वांत खालचा थर आधी. ओलसर फडक्याने दाबा आणि वाळल्यावर कात्रीने आकार द्या, कारण चिकटवण्याआधी कापलेली मिशी कधीच बरोबर बसत नाही. मिशी दोन तुकड्यांत करा, नाकाखालची खळी मोकळी सोडा, आणि हसताना गालाला पडणाऱ्या घडीपर्यंत गम नेऊ नका. तिथेच ती पहिल्यांदा सुटते. नटाला मिशी लावून मोठ्याने हसायला आणि पाणी प्यायला सांगा, तालमीतच.

गम प्रत्येकाच्या चामडीला मानवत नाही. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. काढताना ओढू नका, गम काढायचं द्रव्य मिळतं ते कापसाने भिजवून वाट बघा, आणि नंतर खोबरेल तेल.

आणि मेकअपच्या खोलीतला क्रम आजच ठरवून भिंतीवर लावा. तेलाचं बोट लागलेल्या गालावर गम धरत नाही, आणि तुमच्याकडे तेल लावलेली निदान दोन डोकी आहेत. म्हणून आधी सगळ्यांच्या मिशा आणि कल्ले, मग रंग, मग आजोबांच्या कपाळावरची टोपीची रेघ आणि मिशीतला विडीचा पिवळा डाग, मग कपडे. तेलाची बाटली तोपर्यंत पिशवीतच राहू द्या. ती सगळ्यात शेवटी, पहिल्या घंटेला काढायची.